बारा आणे

पत्र्याची धार लागली तेव्हा
आधी काहीच आलं नाही.
अंगठ्याच्या पेरावर नुसता पांढरा चट्टा,
रक्त जणू दाराआड उभं राहून
बाहेर यावं की नाही, ते ठरवत होतं.
मग आलं. दोन थेंब कढईत गेले.
मालकांनी अख्खी कढई उकिरड्यावर ओतली,
चाळीस लिटर दूध,
आणि मग विचारलं, प्रयाग, लई लागलं का गं?

भूमच्या सरकारी दवाखान्यात
दस्तगीरमामू पट्टी करतात.
म्हणाले, टवकाच उडालाय, शिवू काय?
शिवायला दोन काठ लागतात.
हे खालून भरून येईल, विहिरीसारखं.
धनुर्वाताची सुई टोचली, कागदावर सही घेतली
डाव्या हाताच्या अंगठ्याची.

रात्री उजवा जागा झाला.
ठण. ठण.
छातीतला ठोका एवढा लांब चालत येतो
हे मला बेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं.
लाल, टुम्म, भट्टीच्या विटेसारखा गरम.
लेक म्हणाली बर्फ लाव, नणंद म्हणाली हळद,
मी हात उशाशी उंच धरून
पत्र्यावरची मांजरं मोजत बसले.

सुजलंय मामू.
सुजू दे की, म्हणाले.
कडब्याच्या गंजीला आग लागली
तर गाव धावतं का नाही?
बंब परांड्याहून निघेस्तोवर
घागरी, बादल्या, ओली पोती.
वाट अरुंद, म्हणून कुंपण मोडतात,
वाफ्यातली मेथी तुडवतात.
शिव्या घालायच्या का त्यांना?
बोळ्यावर पिवळं आलं, ते दाखवून म्हणाले,
हे बघ, यातले कितीक
काल तुझ्याचसाठी पळत आले होते.
आणि बोळा बादलीत टाकला.

ही गर्दी परत कधी जाते?
मी सहज विचारलं, पण सहज नव्हतं ते.
लिंबराज, माझे धाकटे दीर,
पेढ्याचा प्रत्येक घाणा चाखणारे,
चप्पल चावली गेल्या संक्रांतीला.
साखर. सोलापूरला एक बोट ठेवून आले.
अजून पाय तसाच, ओला.
मामूंनी कात्री पुसली, बराच वेळ पुसली.
त्यांच्या पायात, म्हणाले,
आग कधीचीच विझली.
माणसं मात्र हलंनात.
राखेवर पाणी ओततायत, उरलीसुरली मेथी तुडवतायत.
आग विझली, घरी जा,
हे सांगणारं कुणी पोचलंच नाही तिथवर.

माझ्याकडं पोचलं.
आठव्या दिवशी तळाशी लाल दाणे,
डाळिंब फोडल्यासारखे,
कापूस टेकला तरी रक्त.
नव्या नसा आहेत, मामू म्हणाले, कच्चा रस्ता,
गाड्या घालू नको.
मग कडेची कातडी आत सरकायला लागली,
कढईत साय धरते तशी, काठानं काठानं.
मी भट्टीपाशी नुसती बसून दूध बघायची,
आणि पट्टीच्या आत काय चाललंय ते मला दिसायचं.

खाज सुटली त्याचं सांगत नाही.
खपली दोनदा मीच काढली. मामू बोलले मला.

रेशनच्या दुकानात
मशीन म्हणालं, ही बाई प्रयाग नव्हे.
पुसून लाव. तेल लावून लाव. फुंकर मारून लाव.
दुकानदार म्हणाला, दुसरं बोट द्या मावशी,
तेव्हा अनामिकेनं गहू मिळाले,
पाच महिने तीच माझी ओळख.

पहिल्यासारखा होईल का, शेवटच्या पट्टीला विचारलं.
मामू खोटं बोलत नाहीत.
रुपयातले बारा आणे, फार तर तेरा.
वर्षभर आतून शिवणकाम चालू राहील,
तुला कळणारसुद्धा नाही.

आता पेरावर एक गुळगुळीत जागा आहे,
घाम न येणारी, रेघ नसलेली.
खवा झाला का ते चिमटीत धरून बघायचं असतं,
दाणा लागतो की नाही.
मालक पलीकडून ओरडतात, झालं का गं?
थांबा, म्हणते.
चिमूट चोळत राहते.
दाणा लागतो. जरा उशिरा.