कोरा दाब

मनामात, गुदैबियाच्या गल्लीत,
परकारचाचांच्या तळघरातल्या छापखान्यात
बू-राशिदनी डोळे मिटले,
नमुन्याच्या कार्डावरून अंगठा फिरवला
(आजोबा त्यांचे मोती पारखायचे)
आणि म्हणाले, पातळ आहे.

मग सुती कागदाचे दोन थर चिकटवले.
सोनेरी वर्ख काढला. फोन नंबरही.
“ज्याला मी हवाय, त्याच्याकडे तो आहे.”
शाई जितकी कमी तितकं बिल मोठं,
हे एव्हाना मला कळलंय.
उरलं नुसतं नाव, उजवीकडून डावीकडे,
शाईविना दाबलेलं,
दिव्याखाली कार्ड तिरपं धरलं
तरच दिसणारं.

रात्री कागदाचा तुकडा शिल्लक होता.
चाचा म्हणाले, तुझंही घे रे एक.
ठसा केला देवनागरीत: दिगंबर टिपुगडे.
वेलांट्यासुद्धा नीट बसल्या,
पण शिरोरेषेवर दाब जास्त पडला,
कागद आरपार चिरला.
“फुकट गेला,” चाचा म्हणाले
आणि यंत्राला तेल घालू लागले.

पाकिटात आहे ते,
रेसिडेन्स कार्डाच्या मागे. कुणी मागत नाही.
कधी मुहर्रकच्या पुलावर, बसमध्ये,
डोळ्याजवळ धरतो:
नावाची एक फट, आडनावाची एक,
दोन्हींत समुद्र,
पूल संपेपर्यंत.