जोडलेली उपकरणं

ताउनोचं मत विचाराल तर :
बटण कोपऱ्यातून मधे आणलं, कशाला?
हात अजून कोपऱ्यातच जातो,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसा.

इर्मेलीला मात्र नवी सिस्टिम आवडलीय.
औलूच्या गोठल्या समुद्रात
हा भोक पाडून गळ टाकून बसतो,
आणि फोनमधलं सारं
इकडे ओट्याजवळच्या पडद्यावर
आपसूक उमटतं.

काल उमटली पावती :
पर्च मासे, दोन किलो, साफ करून.

तो आला. नाक लालबुंद.
"दोन तास झुंजवलंन् एकेकानं."
"झुंजताना खवलंही गळली वाटतं,"
ती म्हणाली,
आणि तव्यावर लोणी सोडलं.

रात्री पडद्यानं विचारलं,
ही सोय कशी वाटली?
तिनं पाच तारे दिले.
त्यानं एकच.
बटणामुळे.