माणिकबाई धैर्यवान यांचे बूट

माझगावला, जहाजांच्या दोरखंडांच्या गोदामावर
माझी खोली. तिथे त्या आल्या
दोन हमालांच्या खांद्यांवरून, चादरीत गुंडाळलेल्या,
चौकटीला वाळवी, कपाळावर बुरशीचा चट्टा.
कॅनव्हासच्या पाठीवर शाईनं:
सौ. माणिकबाई धैर्यवान, ठाकुरद्वार, वय बावीस.
चित्रकाराचं नाव उंदरांनी खाल्लेलं.

जुनी चित्रं थुंकीनं साफ करतात.
हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.
काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा,
मग गालावरून, बोटभर जागा, गोल गोल.
सव्वाशे वर्षांची समयांची, चिरुटांची काजळी
कापसावर चहासारखी उतरते.
तीन आठवडे मी त्यांना अशी उष्टावत होते.

आधी नथ आली. सात मोती,
प्रत्येकात उजेडाचा एक ठिपका, एकातही आळस नाही.
मग पोलक्याच्या गळ्याची विलायती लेस,
अंजिरी शालूच्या कमरेला खोचलेलं साखळीचं घड्याळ
(दहा वाजून चार मिनिटं),
मिटलेली छत्री, तिची हस्तिदंती मूठ.
आणि ओठ. हसू दाबून धरलेले,
समोर कुणाची तरी फजिती चाललीय
आणि आपण घरंदाज आहोत, असे.

पावलांपाशी कापूस अडला.
दिवा विझवून निळा दिवा लावला,
तर सगळ्या बाई धुक्यासारख्या हिरवट
आणि पाय तेवढे काळेकुट्ट. नंतरचे. वरून चढवलेले.
खाली बूट होते.
दारूच्या रंगाचे, कडेनं बटणं, चांगली दोन बोटं टाच.

कुणाला खुपले, सासऱ्यांना की जातीला?
दिवाणखान्यात सून जोड्यांनिशी उभी,
येणारा-जाणारा बघतोय.
कुणीतरी चिताऱ्याला बोलावून म्हणालं असेल,
पाय काढा.

आणि आता पणतू, निशीथ धैर्यवान, पेडर रोडहून,
लिलाववाल्यांशी बोलून झाल्यावर, फोनवर:
बुटांनी भाव दुप्पट होईल. पाय काढा.

तेच दोन शब्द. आपल्या भाषेत
चितारायचं तेही काढायचं, पुसायचं तेही.

पण मी भिंग लावून बसले होते.
हे पाय मेण्यातून हिंडणाऱ्या बाईचे नव्हते.
टाचेला भेगा, अंगठा बाजूला फाकलेला,
जोडवी झिजून तारेएवढी,
आणि डाव्या अंगठ्याचं नख काळं, मुसळ पडल्यासारखं.
माणिकबाई दुसऱ्यांदा उभ्या राहिल्या नसणार.
मग हाताशी होती तिला उभं केलं असेल,
कांडप सोडून, पदराला हात पुसत,
किती वेळ, कोण जाणे.
कॅनव्हासच्या पाठीवर तिच्याबद्दल काही नाही.
शंभर वर्षं ती एवढ्या दागिन्यांचा भार
आपल्या पावलांवर तोलून होती.

थुंकीला ते पाय दाद देईनात.
अ‍ॅसिटोन लागलं, शेवटी सुरी.
उजवी टाच मंगळवारी गेली.
जोडवी खरवडली तर राखाडी भुकटी झाली,
मी शिंकेन म्हणून श्वास धरला.
खालचे बूट खरंच देखणे होते. हे कबूल करायला हवं.
बटणाबटणावर त्या पहिल्या चिताऱ्याचा जीव.

निशीथ आले, वाकून बघितलं, खूश झाले.
मग म्हणाले, डाव्या बुटाच्या टोकाशी
हे काय राहिलंय?
तो रंग निघत नाही, मी म्हटलं.
रंगांबाबत लोक माझ्यावर विश्वास ठेवतात.

लिलावाच्या छापील यादीत म्हणे
किरकोळ डाग अशी नोंद आहे.
काळ्या नखाचा तो अंगठा
दारूच्या रंगाच्या चामड्यातून वर आलेला,
आणि वर माणिकबाई, अजून ओठ दाबून.
इतके दिवस मला ते हसू वाटत होतं.
बूट चावत असेल.