दुसऱ्यातून तिसऱ्यात

आसरा पुलाच्या चढाला गाडी
दुसऱ्यावरच रेंगाळते,
इंजिन नुसतं ओरडतं, मग एकदम हिसका.
व्यंकटेश यल्ला काही बोलत नाही.
गिअर ऑईलची पट्टी ओढतो, थेंब बोटांत चोळतो, हुंगतो:
‘जळकं हाय, पण भुगा न्हाई. क्लच जिवंत हाय.’

पूर्वी लूमवर जॉबर होता तो,
धोटा कुठं अडतो ते आवाजावरून सांगायचा.

पुन्हा चक्कर. तो शेजारी, डोळे मिटून,
बोटानं गुडघ्यावर मोजत: एक... दोन...
‘व्हॉल्व्ह चिकटतोय. सकाळी न्हाई,
सोलापूरच्या उन्हात तापल्यावरच.’

वीस वर्षांची झाली, म्हणतो मी, काढून टाकू?
तो माझ्या डाव्या पायाकडे बघतो,
बुटातून वर आलेल्या कॅलिपरच्या पट्ट्यांकडे,
आणि पोराला जॅक आणायला सांगतो.