अडीच टक्के इकडेतिकडे

सनाबिसच्या अकराव्या मजल्यावर
रात्री नऊला आमचा दिवस उजाडतो.
ज्या देशात मी कधीच जाणार नाही
तिथली जेवणं तेव्हा आटोपत आलेली असतात.
संगणक नंबर फिरवतो, मी विचारते,
देश एकच राहावा असं वाटतं का तुम्हाला?
हो, नाही, अजून ठरलं नाही.
आवाजात कल दिसता कामा नये.
हैथम म्हणाला होता, सूर पाण्यासारखा ठेव, बेचव.
मी मनात म्हटलं, बाबा रे,
गुदैबियातल्या आमच्या नळाचं पाणी पिऊन बघ एकदा.

शंभरातले ब्याण्णव फोन ठेवून देतात.
काही शिव्या देऊन, काही सॉरी म्हणून,
एकाने नुसता कुत्र्याला फोन दिला.
उरलेल्या आठांवर
आम्ही अख्खा देश उभा करतो.

नश्वा आकडे बघते. तिला मी सांगितलं,
आमच्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात.
तिला फार आवडलं, वहीत लिहून घेतलं तिने.
पण घरी जाताना बसमध्ये वाटलं, अर्धंच सांगितलं आपण.
शिताला कुठे ठाऊक असतं, कोण चेपतंय, कशासाठी?
कच्चं असेल तर कच्चंच लागतं बोटाला.
ते शेजारच्या शिताकडे बघून
शिजल्यासारखं करत नाही.

अकराव्या दिवशी एक म्हातारी लागली.
वय एकोणऐंशी, गाव लहान, सीमेजवळचं.
म्हणाली, थांब हं पोरी, तो बाहेर जाऊ दे.
दार वाजलं. मग हळूच, जवळजवळ श्वासानेच,
म्हणाली, नाही.
मी टिचकी मारणार तोच दार पुन्हा वाजलं
आणि ती मोठ्याने, दुकानातल्यासारखी,
हो हो, एकच राहावा, लिहा, एकच!
नियम असा की शेवटचं उत्तर धरायचं.
मी धरलं.

सीमेजवळच्या म्हाताऱ्या कमी पडल्या होत्या यादीत,
म्हणून नश्वाने तिला वजन दिलं,
ती एकटी दोन पूर्णांक सहा बायका झाली.
म्हणजे तो दारातला माणूसही
दोन पूर्णांक सहा वेळा आत आला.

आम्हाला हसू नका.
मार्चमध्ये आमचीही चाचणी झाली,
कंपनीत तुम्ही किती समाधानी?
नाव लिहायचं नव्हतं. फक्त सीपीआर नंबर, नोंदीसाठी.
दिलमायाची रजा दोन वर्षं अडकलेली,
रोवेनाला ओव्हरटाइम मिळायचा तो कागदावरच.
एक्केचाळीस जणांनी लिहिलं, अत्यंत समाधानी.
एक्केचाळीसांतली एक मी.
पँट्रीत चहाच्या मशीनवर तो निकाल लावला,
हिरवागार गोल,
एकही तुकडा न मोडलेल्या भाकरीसारखा.
दिलमाया त्याच्याखाली उभी राहून
रोज कप विसळायची.

आम्ही छापलं, त्रेपन्न सत्तेचाळीस, देश एकच राहणार.
मतदानाच्या रात्री बाहेर धुळीचं वादळ,
काचेपलीकडे मनामा दिसेना, दिवे नुसते पिवळट डाग.
पहाटे चारला आकडे उलटले.
पडद्यावर टाय लावलेले लोक
आमचं नाव घेऊन ओरडत होते.
हैथम शांतपणे म्हणाला,
तळटीप वाचा. अडीच टक्के इकडेतिकडे, लिहिलंच होतं.
मी मनात हिशेब केला. अडीच धरले तरी जुळत नव्हतं.
ते बोलले नाही.

म्हातारीने शेवटी काय केलं, मला माहीत नाही.
कदाचित मोठ्याने म्हणाली तेच तिला खरंच वाटत असेल
आणि कुजबुज माझ्या समाधानासाठी असेल,
परक्या पोरीला नाराज कशाला करा म्हणून.
असंही असतं. मीही करते.
मतपेटीपाशी मात्र पडदा असतो म्हणे.
मी कधी मत दिलेलं नाही,
यादीत नाव चढेपर्यंत विमानात बसले होते.

आता टूथपेस्टचं काम आलंय.
तोच सूर, तीच चौकट,
दिवसातून किती वेळा दात घासता?
सगळे म्हणतात, दोनदा.
मी दोनदा लिहिते.