डाव्या टाचेखाली

परतवाड्याच्या अलीकडे, मिशनच्या कुष्ठदवाखान्यामागे
टिनाचं एक शेड आहे. तिथल्या सामानाची यादी करायला
मला धाडलं होतं. मी हिशेबनीस.
मार्च संपत आलेला, आणि शेड बंद करायचा कागद
माझ्याच पिशवीत होता.

रबराचे तुकडे, सात किलो.
आरी दोन, त्यातली एक मोडकी.
सोल्यूशनचा डबा, वाळलेला.
खिळे : निरंक.

जोड्यांचं दुकान, आणि खिळा एकही नाही?
शांतवन तायडे हसला नाही.
"ज्याच्या पायाले कळत नाही, भाऊ,
त्याच्या जोड्यात खिळा नाही ठोकत.
तो चालतच राह्यते. रक्त दुसऱ्याले दिसते."

मग कागदांचा गठ्ठा निघाला.
जुन्या वर्तमानपत्रांवर, औषधांच्या पुठ्ठ्यांवर
पेन्सिलीने काढलेले पाय.
संत्राबाई, उजवा.
तीच संत्राबाई, सहा वर्षांनी. तीच, पुन्हा.
एकावर एक धरले उजेडात तर दिसलं
बोटं कशी आत आत जात राहिली,
नदीने काठ न्यावा थोडाथोडा, तशी.
आणि दर खेपेला याने नवा जोडा शिवलेला,
उरलेल्या पायाच्या मापाचा.

रविवारी उपासनेला तो उशिरा आला.
उजव्या पायात एक चप्पल, डाव्यात दुसरीच;
एक ऐसपैस, एक इतकी आखूड की टाच बाहेर.
मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी.
मला वाटलं, गरिबी.
त्या दिवशीचं वचन गंगाळाचं आणि रुमालाचं होतं,
मला पेंग येत होती.
गीताला सगळे उभे राहिले, तेव्हा पाहिलं :
तो भार बदलत होता
या पायावरून त्या पायावर, सावकाश,
जणू तळव्याने कान लावलाय
आणि कोणाचं तरी ऐकून घेतोय.

"त्यायच्या पायाले कळत नाही," बाहेर आल्यावर म्हणाला,
"तं माह्या पायाले कळू द्या.
आठ रोज घालतो. जिथं टोचलं, तिथं उसवतो.
माप लहान असलं, तं हात घालतो."

तेही पाहिलं मी. सोमवारी, दाराच्या फटीतून.
साठीचा माणूस, शेडच्या फरशीवर,
दोन्ही हातांत कुण्या पोरीचे जोडे चढवून
चार पायांवर चालत होता
भिंतीपर्यंत, आणि परत.

त्याच्या पायांवर फोड होते.
कोणाचा कुठला, ते नावानिशी सांगायचा :
हा सुभद्राचा, ओला हाये अजून.
हा मास्तरचा, बसला आता.

मी त्याला कागद दाखवला.
त्याने वाचला, घडी घातली, परत दिला.
"मुंगीलालचा जोडा राह्यला," एवढंच.
"पऱ्हाटी उपटाले जाते तो. खुटं लय वाईट."

शुक्रवारी शांतवनला ताप भरला.
ज्या वॉर्डात मापं घेत फिरायचा, तिथेच खाटेवर पडला,
पाय चादरीबाहेर.
पाळकबाई पेज घेऊन आल्या. त्याने विचारलं,
बाकीच्यायचं झालं काय.

शनिवारी मुंगीलाल बेठेकर डोंगरावरून उतरून आला,
पायाला फडकी गुंडाळलेली.
जोडा फळीवर तयार होता.
माझ्या यादीत त्यावर खूण झाली होती :
नग एक, वाटप बाकी.
द्यायचा, अंगठा घ्यायचा, मोकळं व्हायचं.

मी दार लोटून घेतलं.
बूट काढले. मोजे काढले.
इतका संकोच मला
आंघोळीलाही कधी वाटला नव्हता.
जोडा चढवला, आणि मागच्या दाराने
हातपंपापर्यंत गेलो, उन्हात,
तिथून परत.

"झालं काय, साहेब?" मुंगीलालने बाहेरून हाक दिली.

डाव्या टाचेखाली एक गाठ लागत होती.
अगदी बारीक. नाहीच म्हणता आली असती.

"थांब जरा," मी म्हटलं.
"अजून एक चक्कर मारून पाहतो."