नमुन्याप्रमाणे

दोन बाय दोनचा नमुना मार्चात पास झाला.
मागे तारीख, सही, आणि लुकतुके बाईंच्या ठसठशीत अक्षरात:
भिंत हुबेहूब अशीच.
बालेवाडी, अकरावा मजला, हॉलची पश्चिमेची भिंत.
खिडकीकडे अर्धा इंच ओळंब्याबाहेर,
पण ते पाप बिल्डरचं.

नमुना सायबण्णाचा.
तो बहिणीच्या लग्नाला आळंदला गेला
आणि तिकडूनच फोन केला,
शेठ, इथं गिरणी टाकतोय,
माझी थापी तुम्हीच ठेवून घ्या.

माझा जन्म गेला बाहेरच्या गिलाव्यात,
कात्रजच्या वाऱ्यात, झुल्यावर.
बाहेरची भिंत लोक रस्त्यावरून बघतात.
आतल्या भिंतीला पाठ टेकून बसतात.

मसाला तोच. चुना, संगमरवराची भुकटी,
चहाच्या चमच्याने मोजलेला गेरू.
पहिला हात सपाट. दुसरा कंगव्याचा.
बोट लावून बघायचं:
चिकटलं, तर थांबा.
नुसतं गार लागलं, तर चला.
पुढची वीस मिनिटं भिंत तुमचं ऐकते,
मग कुणाचंच नाही.

बाईंनी मोबाईलचा टॉर्च भिंतीला घासून धरला.
"छान आहे. पण हे ते नव्हे."
खरवडलं.
रविवार पेठेतून नवा कंगवा आणला, पुन्हा केलं, पुन्हा खरवडलं.
दोन भिंती पोत्यात भरून
सर्व्हिस लिफ्टने खाली नेल्या.

त्या रात्री नमुना धायरीला घरी नेला,
मोरीतल्या बल्बखाली तिरपा धरला.
एकेक कमान माझ्या कमानीच्या उलट कलंडलेली.
आणि उजव्या कडेला, ओल्यात रुतलेला, अंगठा.
फळी उजव्या हाताने धरली असेल,
तर थापी कुठल्या?

सहा वर्षं सोबत चहा प्यायलो.
त्याचा कप कुठल्या हातात असायचा
ते काही केल्या आठवेना.

माझा डावा हात पन्नास वर्षं हेल्पर होता.
बादली धर, शिडी धर, विडी पेटव.
त्याला मिस्त्री केला
गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर, आठ दिवस.
डाव्या हातचा मळ म्हणणाऱ्यांनी
एकदा यावं ती टाकी बघायला.

नवव्या दिवशी भिंत घेतली.
बाईंनी टॉर्च धरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
नमुना शेजारी.
"हं. हेच."
त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

डावीकडचा चार फुटांचा पट्टा राहिला होता,
तिथे उद्या कपाट उभं राहणार, छताला टेकलेलं.
बाई चहा टाकायला आत गेल्या.
बोट लावलं. गार.
मी थापी उजव्या हातात घेतली.